लुडविकचा उसासा

शनिवारच्या सत्कारसोहळ्यात दोन पॉडलेस्निकांची नावं पुकारली जाणार, असं पत्र आलं त्या दिवसापासून अल्बिनाचं बिनसलं होतं. एक नाव तिच्या आणि तिचा भाऊ विन्सच्या बापाचं, वादकांच्या यादीत. लुडविक पॉडलेस्निकला जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि त्याचं नाव इतक्या उशिरा लागलं याचाच अल्बिनाला राग होता. दुसरं नाव झोफ्काआत्याचं, म्हणजे लुडविकच्या धाकट्या बहिणीचं, पाठीराख्यांच्या यादीत. आपल्या पोल्काच्या नाचगाण्यात पाठीराख्यांनाही मान असतो. तिकिटं खपवणारे, रविवारी सकाळी रेडिओवर तासभर बोलणारे, दर नाचाला न चुकता येऊन पहिल्या फेरीत उतरणारे. आत्याने छत्तीस वर्षं क्लीव्हलंडच्या स्लोव्हेनियन होमच्या, म्हणजे समाजाच्या सभागृहाच्या, तळघरात क्रोफी तळले होते. जर्दाळूचा जॅम पोटात असलेले तिचे ते गोळे खायला लोक पार पिट्सबर्गहून येत.

"बाबांच्या दिवशी बाबांचंच नाव हवं होतं," अल्बिना म्हणायची. "क्रोफींचा सत्कार पुढच्या वर्षी केला असता तर काय आभाळ कोसळणार होतं?"

विन्सला बहिणीचं पटायचं. मग आत्याचं तोंड आठवून तिचा मानही रास्त वाटायचा. सत्तावन्न वर्षांचा हा माणूस, बापाचा बँड गेली वीस वर्षं चालवणारा, घरातल्या कुठल्याही भांडणात मधोमध उभा असायचा आणि दोन्हीकडून मार खायचा.

थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी दुपारी सगळे त्याच्या युक्लिडच्या घरी जेवायला जमले. आधी नूडल्सचं सूप, मग टर्की, बाजूला आंबवलेली कोबी आणि सॉसेज, शेवटी अल्बिनाने घरून करून आणलेली पोतित्सा, अक्रोडाचं सारण गुंडाळलेला गोड पाव. टर्की संपून पोतित्सा टेबलावर येतेय तोच विन्सची मुलगी डोना गाडीतून एक जुनी काळी पेटी घेऊन आत आली. डोना अकॉर्डियन दुरुस्त करायची. सेंट क्लेअर रस्त्यावर तिचं एका खोलीचं दुकान होतं.

"बाबा, बशा जरा सरकवा. आत्याआजी, ओळखलीस का?"

आत्याने हातातलं टर्कीचं हाडूक खाली ठेवलं. ती तिची बटणपेटी होती, पट्ट्यांऐवजी बटणं असलेला छोटा अकॉर्डियन. लुडविक गेला तेव्हापासून तिच्या घराच्या तळघरात भट्टीशेजारी पडलेली, मेण वाळलेलं, सूर गळालेले. एक्याऐंशी वर्षांच्या त्या बाईचा चेहरा असा काही उजळला की विन्सला तिच्याकडे बघवेना. माणसाला एवढा आनंद होत असेल तर आपण सहा वर्षं काय करत होतो, असं त्याला वाटून गेलं.

"शनिवारी सत्कार आहे ना तुझा," डोना म्हणाली. "म्हणून सप्टेंबरातच गुपचूप उचलून नेली. आता बघ." तिने भात्याचे पट्टे सोडले आणि पेटी एका टोकाने वर धरली. खालचं टोक आपल्या वजनाने खाली यायला बघत होतं, पण भाता घट्ट होता. ते गोगलगाईसारखं उतरत राहिलं. "दुकानात आणली तेव्हा हेच करून बघितलं, तर धप्पकन खाली आली. माझा पाय थोडक्यात वाचला. कोपऱ्यातलं चामडं फाटलं होतं, आणि आतून चर्चच्या पत्रकाचा तुकडा चिकटवलेला. एकोणपन्नास सालचा."

"मीच चिकटवला होता," आत्या म्हणाली. "गव्हाच्या खळीने."

"म्हणजे पेटी तेव्हापासूनच गळत होती." डोना खुर्चीत बसली. तिच्या मनात काहीतरी होतं आणि ते तिला दाबून ठेवता येत नव्हतं. "दुरुस्तीला घ्यायच्या आधी मी तिच्यावर 'शेवंती' वाजवून बघितली."

शेवंतीचा वॉल्ट्झ. लुडविकचा. एक्कावन्न सालच्या त्या रेकॉर्डने पॉडलेस्निकांना घर दिलं, नाव दिलं आणि सबंध क्लीव्हलंडला एक सवय लावली. दुसरा भाग संपतो आणि तिसरा सुरू होण्याआधी क्षणभर सगळं थांबतं. वाद्यं गप्प, नाचणाऱ्यांची एक टाच वर, अख्खा हॉल श्वास धरून. मग वॉल्ट्झ पुन्हा वाहायला लागतो. याला लुडविकचा उसासा म्हणतात. विन्सने आजवर चाळीसेक पोरांना तो शिकवला होता, बोटांवर पट्टी मारून शिकवला होता. स्पर्धेत ज्याला तो जमत नसे त्याचे गुण कापले जात.

"दुसरा भाग अख्खा पेटी ढकलण्यावर आहे, बाबा. शेवटाला येईपर्यंत हवाच संपली. भाता मिटला. हवेचं बटण दाबून तो उघडावा लागला, तेव्हा कुठे तिसरा भाग सुरू करता आला. नेमका त्याच जागी. नेमका तेवढाच वेळ."

"मग?" अल्बिना म्हणाली. "काय म्हणायचंय तुला?"

"बटणपेटीला ढकलताना एक सूर असतो आणि ओढताना दुसरा. भाता वाटेल तिथे वळवता येत नाही. आजोबांच्या पियानो अकॉर्डियनला दोन्हीकडे तोच सूर. त्यांना थांबायची गरजच नव्हती, अल्बिनाआत्या."

"गरज नसताना थांबणं, त्यालाच कला म्हणतात!"

सगळ्यांनी झोफ्काआत्याकडे बघितलं. ती पोतित्साचा तुकडा मोडत होती.

"पोतित्सा जरा कोरडी झालीय," ती म्हणाली. "कुणी केली?"

"मी," अल्बिना म्हणाली.

"वाटलंच."

"आत्या, विषय बदलू नकोस. रेकॉर्डवर कोण वाजवतंय?" विन्स म्हणाला.

"तिच्यावर तुझ्या बापाचं नाव आहे ना?"

"मी नाव नाही विचारलं."

"मग उत्तर तुला ठाऊक आहे," आत्या म्हणाली आणि तुकडा तोंडात टाकला.

अल्बिना उठली. तिने कोट चढवला, उरलेली पोतित्सा कागदात गुंडाळली आणि दारात थांबून भावाकडे वळली. "परवा स्टेजवर तू बोलणार आहेस. बाबांच्या नावाला तुझ्या तोंडून डाग लागला, तर मला बहीण म्हणू नकोस." दार आपटलं. डोना रडवेली होऊन म्हणाली, "आत्याआजी, निदान वाजवून तरी दाखव ना." पण आत्याने दोन्ही पंजे वर केले. टर्कीच्या चरबीने ते चमकत होते. "अशा हातांनी पेटीला शिवत नसतात. ठेव गाडीत."

शुक्रवारी सकाळी विन्सने कपाटातून ती रेकॉर्ड काढली. पाकिटावर बापाच्या बारीक अक्षरात तारीख होती, आठ नोव्हेंबर एक्कावन्न. ती त्याने आयुष्यात शंभरदा वाचली असेल. आज मात्र त्याचं बोट त्या तारखेवर थांबलं. त्या वर्षी एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, ते सगळे आजोबांच्या कबरीवर शेवंतीची फुलं घेऊन गेले होते. मेणबत्ती नेहमी लुडविक लावायचा. त्या दिवशी त्याने काड्यापेटी चौदा वर्षांच्या विन्सच्या हातात दिली, कारण त्याचा उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत होता. तारेच्या कारखान्यात भाजला होता. विन्सला वाऱ्यात विझलेल्या तीन काड्या आठवल्या. त्या पट्ट्या नाताळपर्यंत सुटल्या नव्हत्या, हेही आठवलं.

म्हणजे दोन्ही गोष्टी त्याला त्रेचाळीस वर्षं ठाऊक होत्या. फक्त त्याने त्या कधी शेजारी शेजारी ठेवल्या नव्हत्या.

आत्या कुठे असणार हे विचारायची गरज नव्हती. स्लोव्हेनियन होमच्या तळघरात, पांढऱ्या टोपीत, कढईपुढे ती स्वतःच्याच सत्काराचे क्रोफी तळत होती.

"दुसरं कुणी नाही का तळायला?" विन्स म्हणाला.

"आहेत की. मग ते खायला दुसरं कुणी नसतं." तिने एक गोळा उलटला. "एप्रन बांध. साखर भुरभुरायला हात हवाय."

त्याने एप्रन बांधला. साखरेची चाळणी उचलली. मग म्हणाला, "बाबांचा हात भाजला होता. रेकॉर्डच्या आठवड्यात."

"हं."

"तू वाजवलंस."

"मग काय भुतांनी वाजवलं?" आत्या म्हणाली, पण तिचा आवाज बदलला होता. "स्टुडिओची तारीख ठरलेली. पुन्हा मिळाली नसती. कंपनीला पियानो अकॉर्डियन हवा होता, बटणपेटी म्हणजे गुत्त्यातली, गावंढळ. आणि वाजवणार बाई म्हटल्यावर तर विचारूच नकोस. लुडविक म्हणाला, झोफ्का, वॉल्ट्झ तुला येतो, तूच वाजव, कुणाला कळणार नाही. मी पडद्यामागे बसले. दुसऱ्या भागाला पेटीने दगा दिला. मला वाटलं, गेलं सगळं. पण पडद्याच्या फटीतून बघितलं, तर काचेपलीकडचा माणूस अंगठा वर करून हसत होता. त्याला तेच आवडलं."

"आणि बाबा?"

"तो चिडला होता! त्याने लिहिलं तेव्हा तिथे थांबा नव्हताच. दुसऱ्या भागाचा शेवटचा सूर सरळ तिसऱ्याच्या पहिल्या सुरात जाऊन मिळायला हवा, नदी नदीत शिरते तसा, असं त्याचं म्हणणं. पण रेकॉर्ड खपली. लोक म्हणाले, तो उसासा घाल. मग तुझा बाप तीन आठवडे तळघरात बसून गळका भाता नसताना गळक्या भात्यासारखं वाजवायला शिकला. मी जिन्यात बसून हसत होते. पोट दुखेपर्यंत हसले."

विन्सलाही हसू आलं. मग ते जागच्या जागी विरलं. "वाईट नाही वाटलं तुला?"

आत्याने झारा कढईच्या काठावर टेकवला.

"वाटलं. खूप वाटलं. दर वर्षी तो म्हणायचा, या नाताळला सांगतो सगळ्यांना. पण तोवर त्या उसाशाला टाळ्या पडायला लागल्या होत्या रे. त्याला जमेना. वाईट माणूस नव्हता, भित्रा होता." ती क्षणभर थांबली. "तुझं लग्न याच इमारतीत झालं. वर तीनशे माणसं नाचत होती, आणि मी इथे, याच कढईपुढे. छतावर पाय धडधडत होते. शेवंती लागली. दुसरा भाग संपला, आणि वरचा सगळा आवाज एकदम बंद. तीनशे माणसं, विन्को! माझ्या फाटक्या चामड्यापायी तीनशे माणसं एका पायावर उभी! मला वाटलं, हे मी केलं. जिना चढून वर जावं आणि सांगावं. नाही गेले. क्रोफी जळले असते. त्या दिवशी मी रडले."

विन्सने छताकडे बघितलं. त्या दिवशी तो वर होता, नवरदेव, एक टाच उचलून. पायाखाली कोण आहे हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्याला आत्याची भीतीच वाटली, देवळात मोठ्या मूर्तीपुढे वाटते तशी. एवढी मोठी गोष्ट या बुटक्या बाईने पोटात ठेवली, आणि वरून क्रोफी तळत राहिली.

"उद्या सांगू मी?"

"मला विचारू नकोस."

"आत्या…"

"हो म्हटलं तर मी मागून घेतल्यासारखं होईल. नको म्हटलं तर खोटं बोलल्यासारखं. बाप तुझा आहे. तूच ठरव." तिने पुढचा घाणा काढला. "साखर सगळीकडे टाक. मधे ढीग काय करतोस?"

शनिवारी दुपारी हॉल गच्च भरला होता. सहाशे माणसं, आणि त्यांतल्या निम्म्यांनी आपापली वाद्यं आणली होती. भिंतीशी अकॉर्डियनच्या काळ्या खोक्यांची रांग लागली होती. पहिल्या ओळीत अल्बिना बसली होती, मांडीवर लुडविकचा फ्रेममधला फोटो, तोंड फोटोतल्या माणसापेक्षाही कडक. आत्या दुसऱ्या टोकाला, निळ्या पोशाखात, शेजारी डोना. दोघींच्या पायाशी पेटी होती.

निवेदकाने लुडविकचं नाव पुकारलं. विन्स अकॉर्डियन खांद्याला लावूनच वर गेला. रीतच तशी होती, मान घ्यायचा आणि एक धून वाजवायची. सगळा हॉल उभा राहिला. टाळ्या थांबेनात. एवढ्या लोकांनी आपल्या बापावर केलेलं ते प्रेम बघून, खिशातलं लिहून आणलेलं भाषण काढून तेवढंच वाचावं आणि खाली उतरावं, असं विन्सला मनापासून वाटलं. हे प्रेम कमी झालं तर? या लोकांच्या डोळ्यांतला बाप छोटा झाला तर? मग तो स्वतः कोण उरणार होता?

त्याने खाली बघितलं. आत्या टाळ्या वाजवत होती. सगळ्यांत जोरात. तिच्या डोळ्यांत भावासाठी खरं पाणी होतं.

"बसा," विन्स म्हणाला. "मला एक सांगायचंय. शेवंतीचा वॉल्ट्झ माझ्या बापाने लिहिला. पण रेकॉर्डवर तो वाजवत नाहीये. त्याचा हात भाजला होता. रेकॉर्डवर माझी आत्या आहे, झोफ्का, आणि तिची गळकी बटणपेटी. लुडविकचा उसासा म्हणजे त्या पेटीतली संपलेली हवा. तो तिचा आहे. बापाला सांगायचं होतं, त्याच्याने झालं नाही. मी सांगतोय."

मग मागून कुणीतरी "काय बोलतोय हा?" म्हणालं, कुणी "छे!" म्हणालं, कुजबूज वाढायला लागली. एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "मेलेल्या माणसाबद्दल असं बोलवतं तरी कसं!" तेवढ्यात अल्बिना उभी राहिली, फोटो छातीशी धरून. ती आता निघून जाणार, हे त्याने मनाशी पक्कं केलं.

अल्बिना हॉलकडे वळली. "माझ्या बापाबद्दल कुणी काय बोलायचं ते मी बघून घेईन, तुम्ही मधे पडू नका," तिने म्हाताऱ्याला सुनावलं. मग आत्याकडे वळली. "वाजवून दाखव. ये वर. मला ऐकायचंय."

आत्या उठली. डोनाने तिला पेटी चढवली. स्टेजच्या चार पायऱ्या चढायला तिला वेळ लागला, आणि सहाशे माणसांनी तो दिला. ती खुर्चीत बसली, पट्टे खांद्यावर सारखे केले, डावा हात पट्ट्यात घातला. बोटं वाकडी झाली होती. विन्सला वाटलं, नाही जमणार.

तिने पहिला भाग सुरू केला आणि हॉलभर एक हुंकार उठला. तो सूर ओळखीचा होता. गेली त्रेचाळीस वर्षं सगळ्यांच्या स्वयंपाकघरांत, गाड्यांत, लग्नांत वाजलेला तोच हात, तीच लय, सुराला पाठीमागून किंचित ढकलण्याची तीच तऱ्हा. आता कुणाला पुरावा नको होता. एकेक जण उठला. भिंतीशी खोकी उघडली, तीस-चाळीस अकॉर्डियन तिच्या मागून वाजायला लागले, विन्सचाही. जोडपी मधे उतरली. मजल्याची लाकडं बोलायला लागली. दुसरा भाग आला. आपण या सुरात जन्म काढला आणि आज पहिल्यांदा त्याचा चेहरा बघतोय, असं विन्सला झालं.

दुसरा भाग संपला. चाळीस अकॉर्डियन थांबले. शेकडो टाचा वर गेल्या. सबंध हॉलने उसासा घेतला.

आत्या थांबली नाही.

डोनाने बसवलेलं नवं चामडं घट्ट होतं, भात्यात हवा होती. दुसऱ्या भागाचा शेवटचा सूर सरळ तिसऱ्याच्या पहिल्या सुरात शिरला, मधे पापणी लवण्याएवढीही फट न ठेवता, आणि वॉल्ट्झ पुढे निघून गेला. सहाशे माणसं जिथल्या तिथे अडकली. विन्सची बोटं सवयीने थांबली होती, ती तशीच राहिली. त्या भल्यामोठ्या शांततेत एकटी बटणपेटी वाजत होती. त्या वॉल्ट्झचं असं वळण तिथल्या एकानेही कधी ऐकलं नव्हतं. त्यातला तिसरा भाग आजवर नेहमी थांबून, सावरून, पुन्हा सुरू व्हायचा. आज तो दुसऱ्यातूनच जन्माला आला, आणि इतका सुंदर होता की कुणाला हलवेना.

अल्बिना स्टेजच्या कडेशी आली होती. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचं तिच्या लक्षात नव्हतं.

"विन्को," ती म्हणाली, "बाबांनी लिहिलेला तो हाच का रे?"

"हाच," विन्स म्हणाला. "रेकॉर्डनंतर त्यांना स्वतःलाही तो असा कधी वाजवता आला नाही."

आत्याने मान वर केली. समोर सगळं क्लीव्हलंड एका पायावर ताटकळत होतं, आणि ते बघून तिला हसू आवरेना.

"अरे, थांबलात काय?" ती वाजवता वाजवता ओरडली. "हवा आहे अजून! नाचा!"

आणि सगळे पाय एकदम खाली आले.